चोडणच्या कांदळवनात, चढत्या पाण्याबरोबर

पक्षी पाहायला जायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, पहाटे किती वाजता निघायचं? खाडीत या प्रश्नाने सुरुवात केली की निम्मा बेत फसतो. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना, म्हणजे तुतवार, टिलवे, चिखल्ये, कर्ल्यू या मंडळींना, सूर्याशी फारसं देणंघेणं नसतं. चिखल उघडा पडला की ते खातात, मग दुपार असो की मध्यरात्र. चिखल बुडाला की एखाद्या बांधावर चोच पिसांत खुपसून, एका पायावर उभे राहून पाणी उतरायची वाट पाहतात. म्हणून आम्ही होडी काढतो ती भरतीचं कोष्टक बघून. त्यात सूर्योदय बसला तर दुधात साखर.

जागा गोव्यातली, मांडवीतल्या चोडण बेटाचं पश्चिम टोक. इथल्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला म्हापसा नदी, मधे तिवर-कांदळांचं दाट रान आणि त्यात शिरणारे वेडेवाकडे नाले. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की अभयारण्याचं दार चालत गाठता येतं. आत बांधलेली पायवाट आणि मनोरा आहे. पायवाटेवरून झाडं छान दिसतात, खंड्यांचे आवाज ऐकू येतात, पण चिखलाचे पट्टे झाडांच्या पलीकडे, नदीच्या बाजूला आहेत. ते पाहायचे तर पाण्यातूनच जावं लागतं.

भरतीचा हिशोब. मुंबईकडे कोळ्यांची जुनी रीत आहे : तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. गोव्यात भरती मुंबईच्या सुमारे तासभर आधी येते, म्हणून आलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. यात अर्ध्या तासाची चूक सहज होते, तेव्हा नक्की वेळ मुरगाव बंदराच्या कोष्टकातून घ्यायची आणि चोडणसाठी त्यात वीस-तीस मिनिटं मिळवायची, कारण पाणी नदीमुखातून वर चढायला तेवढा वेळ घेतं. अरुंद नाल्यांच्या टोकाशी आणखी उशीर.

तिथीचा हिशोब तोंडी असला की एक गोष्ट कोष्टक न उघडता कळते. गोव्यात सकाळी साडेनऊ-दहाची भरती हवी तर ती चतुर्दशी-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणातच येते. संध्याकाळी पाचची भरती हवी तर ती अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगात, कमी चढ-उताराच्या भरतीत येते. सकाळची फेरी आणि संध्याकाळची फेरी यांत फक्त उजेडाचा फरक नाही, पाण्याच्या जोराचाही आहे. उधाणाला इथे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, भांगाला मीटरभर किंवा त्याहून कमी. उधाणाला सगळा चिखल बुडतो आणि पक्षी दाटीवाटीने उरलेल्या काठावर गोळा होतात. भांगाला अर्धा चिखल उघडाच राहतो, पक्षी पांगलेले आणि लांब. नवख्याने उधाणाची सकाळ धरावी. मुंबई-ठाण्याच्या खाडीत मात्र उधाणाला फरक चार मीटरच्या वर जातो, तिथे हा शिरस्ता जसाच्या तसा लावू नये. पाण्याची ओढ आणि उघडा पडणारा चिखल दोन्ही कितीतरी जास्त असतात.

पाणी सहा तासांत एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. दोन मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत पाणी तासाला अर्धा मीटर चढतं. उभ्या काठावर ते जाणवत नाही. पण चोडणच्या चिखलासारख्या सपाट उतारावर अर्धा मीटर चढणं म्हणजे पाण्याची कड बघता बघता कित्येक मीटर आत सरकणं. आम्हाला हवी असते ती हीच घडी. म्हणून होडी पाण्यात घालायची ती पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो; भरती पावणेदहाची असेल तर उजाडताच निघून नेमके चौथ्या तासात चिखलाशी पोचता येतं.

हंगाम ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. पाहुणे पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच उतरायला लागतात, पण तेव्हा नदीला पावसाचं पाणी आणि ओढ असते, वल्ह्याची होडी घालण्यात अर्थ नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला काळ. मार्चच्या शेवटी काही पक्ष्यांवर विणीची पिसं चढू लागतात, ते बघायला गंमत येते. मात्र त्याच दिवसांत ते परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात, त्यामुळे एरवीपेक्षा दुप्पट लांबून पाहावं.

अभयारण्याच्या हद्दीत आपली होडी आपल्या मर्जीने घालता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. सोपा मार्ग म्हणजे आधी चौकशी करून स्थानिक होडीवाला ठरवणं. ठरवतानाच तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. एक, यंत्र असलं तरी ते चिखलाजवळ बंद राहील आणि पुढे वल्हं किंवा बांबू चालेल. दोन, अडीच-तीन तास लागतील, त्यातला बराच वेळ आपण एका जागी थांबणार आहोत. तीन, होडीत चारच्या वर माणसं नकोत. हे आधी नाही बोललं तर होडीवाले काका बिचारे पर्यटकाला जास्तीत जास्त दाखवायचं म्हणून पक्ष्यांच्या थेट अंगावर होडी घेतात, थवा उडतो, फोटो निघतो आणि सकाळ तिथेच संपते.

स्वतः वल्हवायचं असेल तर उथळ बुडाची, साडेचार-पाच मीटर लांबीची दोघांची होडी बरी. दोन माणसं आणि सामान घेऊन ती दहा-पंधरा सेंटिमीटर पाण्यात तरते. हवा भरायच्या होड्या इथे आणू नयेत. कांदळाच्या आधारमुळांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. रबराला एक ओरखडा पुरे. दोन्ही टोकांना पातं असलेलं कयाकचं वल्हंही पक्ष्यांसाठी वाईट. त्याचं एक पातं सतत डोक्याच्या वर चमकत राहतं आणि पाणी ठिबकत राहतं. एकपाती वल्हं पाण्यालगत खालीच राहतं. वल्ह्याची दांडी होडीच्या काठावर आपटून होणारा टकटक आवाज पाण्यावरून फार लांब जातो. दांडीला जिथे घासते तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की काम झालं.

सामान कमीच. प्रत्येकाला अंगावर बांधलेलं जीवरक्षक जाकीट, त्याला शिट्टी. पोहता येणाऱ्याला ५० न्यूटन तरणशक्तीचं चालतं, न येणाऱ्याला १०० न्यूटनचं हवं. एक जादा वल्हं. दहा-पंधरा मीटर दोरी. पाणी उपसायला तळ कापलेली प्लॅस्टिकची बाटली आणि स्पंज. माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी. फोन जलरोधक पिशवीत. पायात घट्ट नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट. चपला चिखल ओढून घेतो आणि अनवाणी उतरलं तर कालवं पाय कापतात. कपडे मातकट रंगाचे, टोपीसुद्धा. पांढरी टोपी हिरव्या रानापुढे दिव्यासारखी दिसते. डास आणि चिलटं नाल्यांत भरपूर असतात, तेव्हा लांब बाह्या. दुर्बीण ८ × ४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. १०चं मोठेपण होडीच्या डुलण्यात वाया जातं, आणि तिकाटण्यावरचा स्कोप तर होडीत निव्वळ ओझं.

याशिवाय एक बांबू, अडीच-तीन मीटरचा, मनगटाएवढा जाड. वजनाचा नांगर या चिखलात एवढा रुततो की काढताना होडी कलते. त्याऐवजी बांबू चिखलात सरळ खुपसायचा आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दोरीने त्याला बांधायची, सुटी होणारी गाठ मारून. नाळच बांधायची, म्हणजे होडी प्रवाहाच्या रेषेत उभी राहते. मधोमध बांधली तर ती आडवी होते, चढतं पाणी एका कडेवर दाबतं आणि दुसरी कड उचलली जाते.

होडी चोडणच्याच बाजूने पाण्यात घालावी. रायबंदरहून मुख्य पात्र ओलांडायचं म्हणजे फेरीबोट, बार्ज आणि पर्यटकांच्या बोटी यांच्या लाटा झेलायच्या. लाट आलीच तर तिला होडीचा कुशीचा भाग द्यायचा नाही, नाळ तिच्याकडे थोडी तिरपी करून वर चढू द्यायची. पुढे बसलेल्याने वल्हवण्यात फारसा जीव घालू नये, त्याचं काम बघायचं. मागचा होडी चालवतो आणि वळवतो. एकाच बाजूने वल्हं मारत राहिलं तर नाळ विरुद्ध बाजूला वळते. प्रत्येक फटक्याच्या शेवटी पातं बाहेरच्या अंगाला वळवून पाणी जरासं ढकललं की ती सरळ राहते. दर दोन फटक्यांनी बाजू बदलणं ही नवख्याची खूण : पाणी मांडीवर, आवाज, आणि हाताची हालचाल पक्ष्यांना लांबून दिसते.

चिखलाच्या पट्ट्याशी कसं जायचं, यातच सगळं आहे. थेट कधी नाही. पट्ट्याला समांतर, साठ-सत्तर मीटर अंतर ठेवून, सूर्य पाठीशी येईल अशा बाजूने. पक्षी होडीला माणसापेक्षा कमी घाबरतात, बसलेली माणसं त्यांना बहुधा होडीचाच भाग वाटतात. पण कुणी उभं राहिलं की संपलं. प्रत्येक जातीचं सहन करायचं अंतर वेगळं. तुतवार वीस-पंचवीस मीटरपर्यंत येऊ देतो. कर्ल्यू शंभर मीटरवरूनच मान उंच करतो. मान उंचावणं, खाणं थांबवणं, सगळ्यांनी एकाच दिशेला चालू लागणं या तीन खुणा. पहिली दिसली की वल्हं थांबवायचं, दुसरी दिसली की मागे सरायचं. तिसरीपर्यंत जायचंच नाही. थव्यात रेडशँक, म्हणजे लाल पायाचा टिलवा असेल तर तो पहारेकरी. त्याची खाली उतरत जाणारी शीळ वाजली की बाकीचे कारण न बघता उडतात.

योग्य अंतरावर बांबू रोवायचा आणि बसायचं. चौथ्या तासाचं पाणी पुढचं काम करतं. कड आत सरकते, तसे पक्षी तिच्यापुढे मागे हटत होडीच्या दिशेच्या उंचवट्यांवर येतात, पण त्यासाठी होडी उंच चिखलाच्या बाजूला, त्यांच्या वाटेच्या कडेला हवी. खोल बाजूला थांबलं तर ते तुमच्यापासून लांब जातात. ही जागा पहिल्याच फेरीत सापडत नाही. ओहोटीला फेरीबोटीतून किंवा काठावरून पट्टा एकदा नीट पाहून ठेवला तर कुठला भाग शेवटी बुडतो ते कळतं. श्वसनमुळं दाट आणि उंच दिसतात ती जागा उंच, शेवाळ आणि ओली चकाकी असते ती खोल.

ओळख पटवताना रंगापासून सुरुवात करू नका, हिवाळ्यात सगळे राखी-तपकिरी. आधी आकार, मग चोच, मग चाल. चिखल्ये चार पावलं धावतात, थबकतात, टिपतात, पुन्हा धावतात, कारण ते डोळ्यांनी शोधतात. टिलवे आणि त्यांच्या भाऊबंदांना चोचीच्या टोकाशी स्पर्श कळतो, म्हणून ते चालता चालता सतत चोच खुपसत राहतात. तुतवार शेपूट वरखाली हलवत राहतो, खांद्याजवळ पांढरी खाच, उडताना पंख ताठ आणि पाण्याला जवळजवळ चिकटून. ग्रीनशँक उंच, हिरवट पाय, चोच किंचित वर वळलेली, उडाला की पाठीवर पांढरी पाचर आणि पंखावर पट्टा नाही. रेडशँकच्या पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा असतो. टेरेक सँडपायपर आखूड पिवळट पायांचा, चोच वर वळलेली आणि अंगापेक्षा मोठी घाई. व्हिंब्रेल आणि कर्ल्यू यांत गोंधळ होतो. दोघांची चोच खाली वाकलेली, पण व्हिंब्रेलची आखूड आणि टोकाशी जास्त वाकलेली, डोक्यावर पट्टे, आणि उडताना एका सुरात सहा-सात शिट्ट्या. छोटा सँड प्लोव्हर या चिखल्याच्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर २०२३ पासून दोन जाती झाल्या आहेत, सैबेरियन आणि तिबेटन. आपल्या किनाऱ्यावर तिबेटन अपेक्षित. छोटा आणि मोठा सँड प्लोव्हर वेगळे करताना मात्र छातीवर हात ठेवून सांगता येत नसेल तर ‘सँड प्लोव्हर’ एवढंच लिहावं. दहा मिनिटं चोचीच्या लांबीवर वाद घालण्यापेक्षा ते प्रामाणिक.

कर्ल्यूला खेकडा धरताना निवांत पाहावं. बिळात चोच जवळजवळ मुळापर्यंत जाते, मान एका अंगाला कलते, मग खेकडा बाहेर. तो तसाच गिळत नाही. चोचीत धरून झटके देतो, एकेक नांगी आणि पाय सुटून चिखलात पडतात, मग चोच पाण्यात बुडवून उरलेलं धड मागे सारत घशात. दोन-तीन मिनिटांचा कार्यक्रम. तोवर आजूबाजूचे बगळे जवळ सरकलेले असतात.

भरतीला पाऊणएक तास उरला की उघडा पट्टा संपतो आणि थवे उठतात. ते बहुतेक खाजणांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांच्या, बांधांवर किंवा मिठागरासारख्या उथळ शेतांत जाऊन बसतात. त्यांच्या मागे जायचं नाही. पोटात पडलेलं पचवायची आणि शक्ती राखायची ही त्यांची वेळ. तिथून उठवलं की दिवसाचा हिशोब बिघडतो. आम्ही या वेळी नाल्यात शिरतो.

नाल्यातले पक्षी वेगळे. काळ्या डोक्याचा खंड्या, घोंगी खंड्या, आणि नशीब असेल तर कॉलर्ड किंगफिशर, ज्याच्यासाठी लोक लांबून गोव्याला येतात. रातबगळे फांद्यांत झोपलेले असतात, वंचक मुळांवर इतका गप्प की होडी पुढे गेल्यावर उडतो आणि पांढरे पंख दिसतात. समुद्र बगळा राखाडी किंवा पांढरा, दोन्ही रूपांत. पाय थरथरवून निवट्यांना, म्हणजे चिखलातल्या छोट्या माशांना, हुसकावतो. वर ब्राह्मणी घार. पाणमांजरं दिसली तर सकाळीच, एका रांगेत डोकी.

नाल्यात शिरायचा नियम एकच : पाणी अजून चढत असताना शिरायचं आणि होडीच्या लांबीपेक्षा अरुंद जागेत जायचं नाही. पाच मीटरची होडी चार मीटरच्या नाल्यात वळत नाही. मग मागे बसलेल्याला पुढचा व्हावं लागतं. वळणावर प्रवाह होडीला मुळांवर आडवी दाबतो. अशा वेळी अंग मुळांपासून दूर झुकवायचा मोह होतो, तेच चुकतं : प्रवाहाकडची कड खाली जाते आणि पाणी आत येतं. मुळांकडे झुकायचं, वल्ह्याने मुळांना रेटत होडीची नाळ मोकळी करायची. डोक्यावरची फांदी धरायची नाही. हात वर अडकतो आणि होडी खालून निघून जाते. शिवाय हुरा किंवा गेवा नावाचं एक झाड या रानात आहे, त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर डोळे निकामी होण्यापर्यंत मजल जाते. ओळखता येत नसेल तर कुठल्याच फांदीला हात लावू नये.

मांडवी आणि झुआरीला जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत हे सर्वांना माहीत आहे, पण त्या कालव्यापुरत्याच राहतात असं धरून चालू नये. थंडीत त्या उन्हाला चिखलावर येऊन पडतात. हात पाण्यात लोंबवू नये, काठाजवळ पाण्यात उतरू नये, दिसली तर चाळीस-पन्नास मीटर सोडून जावं. दुसरा धोका जास्त नेहमीचा : नाल्याच्या तोंडाशी खुंट्यांना बांधलेली जाळी. दोर पाण्याच्या जरा खाली असतो. खुंट्यांची जोडी दिसली की मधून न जाता बाजूने जायचं, नाहीतर होडीही अडकते आणि कुणाचं तरी दिवसाचं जाळं फाटतं. खाजणाच्या बांधात मानस असते, लाकडी झडपांची मोरी. भरतीला झडपा पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून उघडतं. त्यावेळी तिथली ओढ होडीला खेचून नेईल एवढी असते. मानस दिसली की लांबून वळसा.

आता सर्वांत महत्त्वाचं, परतीची वेळ. भरती पूर्ण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाणी थबकल्यासारखं वाटतं. तेवढ्यात नाल्यातून बाहेर निघायचं. ओहोटीचा पहिला तास फक्त एक भाग उतरतो, म्हणून निर्धास्त वाटतं. दुसऱ्याच्या शेवटापर्यंत तीन भाग गेलेले असतात आणि नाल्याचं तोंड, जिथे गाळ साचून उंबरठा झालेला असतो, तिथे होडी टेकते. आतला नाला खोल आणि तोंड उथळ, म्हणून आत असताना कळतच नाही. अडकलात तर पुढची भरती येईपर्यंत सात-आठ तास. त्यातून उधाणाच्या ऐन माथ्यावर, फार वर जाऊन अडकलात तर गोष्ट आणखी वाईट : पुढच्या भरत्या दिवसेंदिवस कमी होत जातात आणि होडी पुढच्या उधाणापर्यंत तिथेच. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, तेव्हा कोष्टकात वेळेबरोबर उंची वाचावी.

टेकलीच होडी, तर उतरून ढकलायला जाऊ नका. या चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो. दोघांनी वजन मागे-पुढे हलवत होडी डोलवायची आणि वल्ह्याचं पातं आडवं, सपाट टेकून रेटायचं. उभं खुपसलं तर ते रुततं. आपण जोर लावलेला असतो, होडी सुटून पुढे जाते, वल्हं तिथेच राहतं आणि धरलेला हात माणसाला मागे ओढतो. पाण्यात पडण्याचं हे इथलं सर्वांत सामान्य कारण. बांबूचंही तेच. रेटल्यावर मनगटाने अर्धा वळसा द्यायचा, चिखलाची पकड फुटल्याचा पचक आवाज येतो, मगच ओढायचा. तरी येत नसेल तर सोडून द्यायचा आणि वळून आणायचा. पाय रुतलाच तर तो सरळ वर ओढू नये, खाली पोकळी होऊन चिखल आणखी धरतो. होडीच्या काठावर पोट टेकून वजन द्यायचं आणि पाऊल हळूहळू हलवत शेजारी पाणी शिरू द्यायचं.

वाऱ्याचाही हिशोब आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, मंद. अकराच्या पुढे समुद्राकडून वारा सुटतो आणि तो नदीत वरच्या दिशेला वाहतो. त्याच सुमाराला उधाणाची ओहोटी खाली उतरत असते. वारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, अशात मांडवीवर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि उथळ होडीत शिरतात. चोडणच्या काठाकाठाने, झाडांच्या आडोशाने परत आलं की याचा त्रास कमी. मोकळ्या पात्रात साडेदहानंतर राहू नये.

परत येताना, ओहोटीच्या पहिल्या तासात, उंच चिखलाची पहिली पट्टी उघडी पडते आणि थवे बांधांवरून तिथे उतरतात. भुकेले असल्यामुळे खाण्यात गुंतलेले असतात. ही दुसरी संधी, पण पंधरा मिनिटांची. थांबायचा मोह आवरला नाही की वर सांगितलेलं सगळं सुरू होतं.

मोजणी याच दोन वेळी करावी, पहिली चढत्या पाण्यात आणि दुसरी उतरत्या. दोन्हींचे आकडे एकत्र मिळवायचे नाहीत, तेच पक्षी परत आलेले असतात; त्यातला मोठा आकडा धरायचा. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढ्या आकाराचे ठोकळे नजरेने मांडत जायचं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे. तिच्यासाठी मोजायचं असेल तर आधी संयोजकांशी बोलून घ्यावं, म्हणजे एकच पट्टा दोघांकडून मोजला जात नाही. ई-बर्डवर थांबून केलेली नोंद आणि फिरत केलेली नोंद वेगळ्या याद्यांत टाकाव्यात. प्रत्येक यादीच्या शेवटी त्या दिवसाच्या भरतीची वेळ आणि उंची लिहावी. तारखेवरून काही कळत नाही, पण दोन मीटरच्या भरतीला कुठला पट्टा केव्हा बुडाला हे लिहून ठेवलं तर पुढच्या वेळी बांबू कुठे रोवायचा ते ठरतं.

पायात कडी किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसला तर फोटो काढावा आणि तिथल्या तिथे लिहून घ्यावं : डावा पाय की उजवा, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर की खाली, पट्ट्यांचा रंग आणि वरून खाली क्रम, अक्षरं वाचता आली तर तीही. ही माहिती मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवली की पक्ष्याला कडी कुठे आणि केव्हा घातली होती ते कळू शकतं. पाय चिखलाने माखलेले असतात. निळी पट्टी काळी आणि पांढरी पिवळट दिसते. पक्षी पाण्यात चार पावलं चालून बाहेर येईपर्यंत थांबावं, मग रंग लिहावा.

घरी आल्यावर होडी, दोर, जाकिटं गोड्या पाण्याने धुवायची, दुर्बीण ओल्या फडक्याने पुसून मगच भिंगांना कोरडं कापड लावायचं. खाऱ्या पाण्याचे वाळलेले कण कोरडे घासले तर भिंगावर ओरखडे उठतात. कालवाने कापलेलं असेल तर जखम साबणाने नीट धुवून आयोडीन लावावं, आत कवचाचा तुकडा राहिला नाही ना ते बघावं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं ते आठवावं. खाडीच्या पाण्यातली जखम दुसऱ्या दिवशी लाल होऊन ठणकायला लागली तर घरगुती उपाय न करता डॉक्टरकडे जावं.